ओठ हलले त्या जागी

खारूताईला स्टुडिओत खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कार्टूनमधल्या खारीचा आवाज ती इतकी वर्षं काढत होती, की घरी भांडण पेटलं की नवरा म्हणायचा, "आधी माणसाच्या आवाजात ये, मग बोलू." साबण, टूथपेस्ट, मालिकेतली खाष्ट सासू, सगळ्यांना तिनं आपला घसा उसना दिला होता.

मग ती डॉक्युमेंट्री आली. परक्या भाषेतली, युद्धावरची. सैनिकांनी वस्त्याच्या वस्त्या कशा संपवल्या आणि काही साध्यासुध्या माणसांनी शेजाऱ्यांना कसं लपवलं, त्याची. त्यात एक लाँड्रीवाली आजी होती. दवाखान्यातून धुवायला आलेल्या मळक्या चादरींच्या ढिगाखाली तिनं शेजाऱ्यांना दडवलं होतं. तिचा आवाज खारूताईनं द्यायचा होता.

डबिंगवाल्यांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. पडद्यावर ओठ हलले की तिथं शब्द हवा, नाहीतर लोकांना वाटतं आवाजच गेला. "शिपाई गल्लीत शिरले," एवढं बोलून आजी थांबली. मग तिचे ओठ हलले. मूळ फिल्ममध्येच तिथं आवाज नव्हता.

"खारूताई, ओठ हलतायत. काहीतरी भरा," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले.

"कागदावर काहीच नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. खारीनं एव्हाना अख्खा अक्रोड फोडून खाल्ला असता."

खारूताईनं घसा खाकरला आणि आजीच्याच घोगऱ्या आवाजात बोलून टाकलं, "दार वाजवणाऱ्या कुणालाही मी परत पाठवलं नाही."

वाक्य ओठांवर अगदी चपखल बसलं. दिग्दर्शक खूश. "वा, बाई. हे पोस्टरवर घ्यायचं."

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पहिल्या खेळाला आजी स्वतः आली होती, मराठी येणाऱ्या नातसुनेचा हात धरून. त्या वाक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीनं नातसुनेला काहीतरी विचारलं. नातसुनेनं तिच्या कानाशी लागून सांगितलं. त्यानंतर आजी पडद्याकडे न बघता मांडीवरच्या पर्सचा बंद ओढत बसली.

खेळ संपल्यावर खारूताई कौतुकाच्या आशेनं पुढे झाली. आजी बोलू लागली, नातसून एकेक वाक्य उलगडून सांगत गेली.

"आजी म्हणतायत, तिथं त्यांनी जावेचं नाव घेतलं होतं. जाऊबाई उशिरा आल्या, तान्हं बाळ घेऊन. ते रडत होतं. आजींनी आतून कडी धरून ठेवली." नातसून अडखळली. "ते नाव त्यांच्या तोंडून अजून मोठ्यानं निघत नाही. म्हणतायत, पोरी, तू मला फारच चांगली करून टाकलंस."

खारूताईला रागावणं सोसलं असतं. आजी रागावली नव्हती. तिनं खारूताईच्या गळ्याला हलकेच बोट लावलं, भांड्याला चीर गेलीय का बघावं तसं, आणि निघून गेली.

त्या दिवसापासून घरात खार गप्प झाली. नवऱ्यानं दोनदा चिडवून पाहिलं, मग त्यानंही नाद सोडला. ती मनातल्या मनात कडी धरलेला हात बघत होती आणि त्या हातावर आपणच रंगीत कागद चिकटवला, हे तिला गिळवत नव्हतं.

ती दिग्दर्शकाकडे गेली.

"अहो, एकच तर ओळ आहे," तो म्हणाला. "आजींनी माणसं वाचवली, हे खोटं आहे का?"

"नाही. पण ती ओळ त्यांची नाही, माझी आहे. माझी मला परत द्या."

"पोस्टरं छापून झालीत, बाई."

"आवाज तर माझाच आहे ना. तो काढा."

बरीच वादावादी झाल्यावर काकांनी ती ओळ पुसली. "लोक ओरडतील हं," ते म्हणाले, पण या वेळी अक्रोडाची थट्टा केली नाही.

मोठ्या खेळाच्या दिवशी थिएटरबाहेर पोस्टर लागलं होतं. आजीचा चेहरा आणि खाली तेच वाक्य. आजीला ती लिपी वाचता येत नव्हती. तरी खारूताईनं तिला बाजूच्या दारानं आत नेलं.

पडद्यावर शिपाई गल्लीत शिरले. आजी थांबली. ओठ हलले.

"ओ, आवाज," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्यानं शिट्टी मारली. "आवाज गेला, आवाज."

शेजारच्या खुर्चीत आजीचे ओठ अंधारात पडद्याबरोबर हलत होते. खारूताईनं आपले ओठ दातांखाली घट्ट धरले.