चेहऱ्यांचा डबा

बोर्डवालीच्या दुकानात खिडकीच्या कट्ट्यावर एक पत्र्याचा डबा कायम भरलेला असायचा. बाकीचे रंग लागतील तसे कालवायचे, हा मात्र आधीच कालवून ठेवलेला. पांढरा ओतायचा, त्यात पिवळा, मग ब्रशच्या टोकावर येईल एवढा तांबडा. ती त्याला चेहऱ्यांचा डबा म्हणायची. न्हाव्याच्या पाटीवरचा भांग पाडलेला गडी, दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर हसणारी बाई, शिंप्याच्या पाटीवर सूट घालून उभा असलेला आणि कुठंच न निघालेला साहेब, सगळे ह्या एकाच डब्यातून जन्मलेले. एकमेकांची सख्खी भावंडं दिसायची ती. गल्लीतल्या कुणासारखी मात्र दिसायची नाहीत.

डबा बापाचा. बापही पाट्याच रंगवायचा. त्याला दोन मुली. थोरलीचं रंगाच्या वासानं डोकं उठायचं, म्हणून ब्रश धाकटीच्या हातात आला. बाप शिकवायचा, "हे बघ पोरी, गिऱ्हाईक तव्याच्या बुडासारखं असलं तरी पाटीवर त्याला सोललेलं केळं व्हायचं असतं. व्हायचंय ना? होऊ दे. आपण कशाला आड यायचं?" आणि स्वतःच खो खो हसायचा. ब्रश धरलेला त्याचा हातही तव्याच्या बुडाचाच होता. पोरगीही हसायची. बाप गेला, तिचे केस पिकले, पण डबा तिनं कधी रिकामा पडू दिला नाही. अर्ध्यावर आला की भर घालायची. म्हणजे तळाशी अजून बापाच्याच हातचा रंग असणार, असं ती कौतुकानं सांगायची.

त्यांच्या रंगाची माणसं शहराच्या खालच्या अंगाला राहायची. खापरपणजोबांना कुणीतरी जहाजात घालून कामाला आणलं होतं. काम संपलं, जहाज काही न्यायला आलं नाही. मग इथंच जन्म, इथंच लग्न, इथंच माती. भाषा इथली, शिव्यासुद्धा इथल्या. तरी वरच्या अंगाच्या दुकानात शिरलं की पाठीमागून एक माणूस फिरायचाच, काय उचलतात ते बघायला. बोर्डवाली त्याला विचारायची, "काय हो, पंगतीत वाढायला आलात का?" तोही हसायचा, पण पाठ सोडायचा नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा होता, तो गेला. मेला नाही, नुसताच गेला. त्यामुळं तिचं जे काही होतं ते थोरल्या बहिणीचं पोर. सगळे त्याला लंबू म्हणायचे. इतका उंच की त्याच्यासाठी ताईनं कपड्यांची दोरी वर बांधली आणि मग स्वतः स्टुलावर चढून कपडे वाळत घालायला लागली. प्रत्येक दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ माहीत होतं. डाव्या भुवईत एक खाच होती, ती मावशीच्याच दुकानाच्या दारानं दिलेली. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला होता. सुटीच्या दिवशी मावशीच्या पाट्या टांगायला यायचा.

"मावशे, शिडी विकून टाक. मी आहे की."

"शिडी तुझ्यासारखी खात नाही रे. तीच परवडते."

वरच्या अंगाला एका उंच इमारतीत लिफ्ट अडकली तेव्हा कंपनीनं त्याला पाठवलं. आत अडकलेल्या बाईला त्यानं सुखरूप बाहेर काढलं, खाली पोचवलं आणि राहिलेलं काम करायला पुन्हा जिना चढला. तेवढ्यात कुणीतरी दाराच्या भोकातून बघितलं आणि फोन केला की एक काळा माणूस हातात काहीतरी घेऊन जिन्यात उभाय. पोलीस आले. मागून ओरडले. लंबू वळला. वळला, एवढंच. हातात पाना होता.

त्या दिवशी टीव्हीवर त्याचा परवान्यावरचा फोटो दाखवला. कसा छापला कोण जाणे, डांबराच्या गोळ्यावर दोन डोळे चिकटवल्यासारखा. ताईनं टीव्हीवर चादर टाकली, ती पुन्हा काढलीच नाही. मग चौकशी बसली. हातातली वस्तू लांबून हत्यारासारखी दिसत होती, असं म्हणून चौकशी उठली आणि गोळी घालणारा कामावर हजर झाला. तेव्हापासून ताई घराबाहेर पडली नाही. भरवलं तर दोन घास खायची, उठवलं तर उठायची. लंबूच्या उंचीची ती दोरी रिकामीच राहिली, कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळायचे.

वस्तीनं मोर्चा ठरवला. फलक रंगवायचं काम अर्थातच बोर्डवालीकडं. फ्रिजच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून लोक आणून टाकत होते आणि ती जमिनीवर मांडी घालून लिहीत होती. काय लिहायचं ह्यावर आधी भांडणं झाली. कुणाला कायद्याची कलमं हवी होती, कुणाला शिव्या. शेवटी तीच म्हणाली, "मी सांगते ते लिहिते, नाहीतर स्वतः लिहा." आणि सगळ्या पुठ्ठ्यांवर तिनं एकच ओळ ओढली. "तो पाना होता." ठळक, काळ्या रंगात, एखाद्या दुकानाची पाटी रंगवावी तशी नेटकी. लिहिताना हात हलला नाही तिचा. अक्षरांना हात हलून चालत नाही.

मोर्चा बस डेपोच्या लांबलचक भिंतीपासून निघायचा होता. त्या भिंतीवर लंबूचा चेहरा काढायचा आणि त्याच्याखाली ताईनं बसायचं, तिला बघितल्याशिवाय लोकांची पावलं उठायची नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं. बोर्डवालीनं दोन दिवस शिडीवर काढले. भुवईतली खाच काढली, वरचा ओठ जरा पुढं येतो तो काढला, हसू दाबताना नाकपुडी फुगायची तीसुद्धा काढली. काढताना रडत होती, नाक बाहीला पुसत होती, आणि हात आपला सवयीनं डब्यात जात होता, भिंतीवर येत होता. खाली गर्दी जमायची. "हुबेहूब," लोक म्हणायचे. "बोलेल आता." न्हावी तर डोळे पुसत दुकानात गेला आणि आपली उंच शिडी अजून चार दिवस ठेवून घ्या म्हणाला.

ताईला आणायला न्हाव्याची बायको आणि बोर्डवाली दोघी गेल्या. दोन्हीकडून धरून आणावी लागली. वस्ती बाजूला झाली. ताईनं मान वर केली आणि बघत राहिली. बोर्डवालीला वाटलं, रडेल आता. रडली तर बरं.

"हा कोण?" ताई म्हणाली.

"अगं ताई, असं काय करतेस? लंबू आहे."

"नाक त्याचं आहे. भुवई त्याची आहे. पण हा कोण गं?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "न्हाव्याच्या पाटीवरचा माणूस आहे हा. त्यांनी त्याला डांबर केलं, तू दूध ओतलंस. माझा लेक कुणी ठेवला का? कुणीच नाही?"

मघाशी हुबेहूब म्हणणारे आता आपापल्या हातांकडं बघत होते. बोर्डवालीनं भिंतीकडं बघितलं. सोललेलं केळं. आपल्याच भाच्याला, मेलेल्या भाच्याला तिनं पाटीवरचं गिऱ्हाईक करून ठेवलं होतं. ज्या रंगासाठी त्याला गोळी घातली तोच तिच्या हातून राहून गेला होता.

"मी नाही बसायची ह्याच्याखाली," ताई म्हणाली आणि एकटीच घरी गेली. कुणाचा हात धरला नाही.

न्हावी म्हणाला, "वेळ थोडाच आहे बाई. मोर्चाच्या आधी भिंती साफ करायचा हुकूम निघालाय. रोलरवाले उद्या दुपारनंतर येतील."

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या बोर्डवाली ताईच्या दारात उभी. हातात दुसराच एक रिकामा डबा.

"चल."

"कुठं?"

"मला तो रंग येत नाही, ताई." हे बोलताना ती दाराला टेकली. "रात्रभर कालवतेय. काळा जास्त झाला की टीव्हीवरचा होतो, तांबडा जास्त झाला की वीट होते. अख्खा जन्म चेहरे रंगवले, पण आपला रंग एकदाही कालवला नाही गं मी. कुणी मागितलाच नाही. तुझा हात दे. त्याचा न् तुझा एकच होता."

ताईनं बसल्या जागी आपला हात उलटून बघितला. मग म्हणाली, "हाताला हात लावून बसला की मला कळायचं नाही, मी कुठं संपते."

"म्हणून तर आले."

ताई उठली. पायात चपला घातल्या. बोर्डवालीनं त्या उलट्यासुलट्या होत्या तरी सांगितलं नाही.

भिंतीपाशी ताईनं बाही कोपरापर्यंत सारली आणि हात भिंतीला टेकवून उभी राहिली. बोर्डवाली खाली बसून कालवायला लागली. काळा, मग गेरूसारखा तांबडा, मग पिवळा, आणि थेंबभर निळा. निळा तिनं चेहऱ्यात आजवर घातला नव्हता. जरासा घेऊन हाताशेजारी भिंतीवर लावायचा, मागं सरून बघायचं.

"अजून गडद," ताई म्हणायची. "नाही, आता मेल्यासारखा झाला. ऊन पडलं की कपाळ चमकायचं त्याचं. तसं कर."

"चमक नंतर देते. आधी रंग बघ."

"मान सगळ्यात गडद होती. आणि कानाची पाळी तांबूस, लहानपणी मी ओढायचे म्हणून."

"ओढून पाळी तांबडी राहत नाही गं वेडे."

"त्याची राहिली," ताई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात ताई होती.

शेवटी एक पट्टा असा उतरला की हात कुठला आणि भिंत कुठली ते दोघींनाही सांगता येईना. बोर्डवालीनं डबा घेतला आणि शिडी चढली. कपाळ झालं. एक गाल झाला. भुवईची खाच पुन्हा काढली. मान झाली. ताई खाली तशीच हात टेकवून उभी, चुकलं तर पुन्हा मेळ घालता यावा म्हणून.

रोलरवाल्यांची गाडी दुपारची वाट न बघता आली. पिंपं उतरली, करडा रंग हलवला. रोलर घेतलेला माणूस ह्यांच्याच रंगाचा निघाला. त्यानं वर बघितलं, ताईकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाई, बाजूला व्हा हो. माझ्यावर साहेब आहे."

"माझा लेक आहे," ताई म्हणाली.

"दिसतंय." त्यानं रोलर खाली टेकवला. "मी त्या टोकापासून सुरू करतो. जितकं हळू होईल तितकं करतो. त्यापेक्षा माझ्या हातात काही नाही."

आणि तो हळूच करत आला. एरवी भराभर सरकणारा रोलर, त्या दिवशी म्हातारं माणूस चालावं तसा. पण भिंत केवढी असली तरी संपतेच. तो चेहऱ्यापाशी आला तेव्हा दुसरा गाल अजून केळ्याचाच होता.

"थांब, कान राहिलाय," ताई म्हणाली.

तो थांबला. बोर्डवालीनं कान भरला, पाळीला तांबूस बोट लावलं. ताईनं बघितलं.

"हा आला," ती म्हणाली. "आता हा आला."

गाडीतून साहेब ओरडला, "काय चित्रं बघत बसलाय? मार दोन हात!"

न्हावी आणि दोघं-तिघं गाडीकडं धावले, साहेबाच्या हातापाया पडले, मग शिव्या दिल्या. कशाचा उपयोग झाला नाही. साहेबानं पोलिसांना फोन लावायला घेतला तशी वस्तीच मागं सरली. पोलीस नको होते कुणाला. रोलरवाल्यानं डोळे मिटल्यासारखं केलं आणि रोलर फिरवला. पण ओल्या तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग धरत नाही, हे कुठल्याही पेंटरला माहीत असतं. त्यालाही असणार. रोलरनं लंबूचा गाल उचलला आणि हातभर पुढं नेऊन टेकवला. कपाळ खाली ओघळलं. पुन्हा फिरवला, तर भुवई गेली आणि तिचा फराटा उमटला. पोर झाकलं गेलं नाही, नुसतं फासलं गेलं. ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो पोलिसांकडून बातमी आली त्या दिवशीसुद्धा निघाला नव्हता. तिनं रोलर दोन्ही हातांनी धरला. रोलरवाल्यानं ओढला नाही, सोडलाही नाही. दोघं तो धरून उभे राहिले आणि दोघांच्याही मनगटांवरून करडं-तपकिरी पाणी ओघळत होतं.

मोर्चा निघाला. बोर्डवालीचे फलक सगळ्यांच्या हातांत होते, अक्षरं लांबून वाचता येत होती. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. गोळी घालणारा अजून कामावर आहे. भिंत वाळल्यावर रोलरवाले पुन्हा आले आणि ती करडी झाली. ताई मोर्चाला आली नाही.

नव्या डब्याच्या तळाशी उरलेला रंग तेवढा तिनं मागून नेला. आता मधूनमधून ती दुकानात येते, पदराखाली डबा घेऊन. बोर्डवाली झाकण उघडते, वर धरलेली साय काडीनं काढते, टर्पेंटाइनचा पातळ थर देते आणि झाकण ठोकून बसवते. खिडकीतला बापाचा डबा तसाच आहे. पाट्यांची गिऱ्हाइकं तोच रंग मागतात आणि ती तोच देते. पोट आहे.

परवा ताईनं विचारलं, "हा सुकला तर परत कालवशील?"

"कालवीन की. तुझा हात आहे ना."

ताईनं बाही सारली आणि हात पुढं केला. ह्या वर्षात तो हात सुकला होता, कातडीवर राखेसारखी झाक चढली होती. बोर्डवालीनं डबा उघडून बोटभर रंग तिच्या मनगटाशेजारी कट्ट्यावर लावला. दोघींनी बघितलं. आता कुणीही सांगितलं असतं, हात कुठला आणि रंग कुठला ते.

"घट्ट लाव झाकण," ताई म्हणाली.