तेलात पडून असलेले पिकर

मिलच्या स्टोअरमध्ये मागच्या भिंतीला लागून तेलाची चार पिंपं होती. त्यांत म्हशीच्या कातड्याचे मुठीएवढे ठोकळे बुडवून ठेवलेले असत. त्यांना पिकर म्हणत. साच्याच्या, म्हणजे मागाच्या, दोन्ही टोकांना एकेक पिकर असतो आणि तो आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा मारून पलीकडे पाठवतो. पलीकडचा त्याला परत धाडतो. दिवसभर हेच. मी खरेदी खात्यात क्लार्क होतो, पिकरच्या ऑर्डरी माझ्याच टाइपरायटरवरून जात, तरी ती पिंपं मी कधी जवळ जाऊन पाहिली नव्हती. वास फार यायचा. शिवाय माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती, आणि कायम न झालेल्या माणसाने जिथे बोलावलेलं नाही तिथे जाऊ नये, एवढं मला समजत होतं.

दिवस आणीबाणीचे होते. मिलच्या भिंतींवर शिस्तीची वाक्यं रंगवून झाली होती. युनियनच्या खोलीत नुसता कॅरम चालायचा, तोसुद्धा हळू आवाजात.

अशात मुंबईहून एक संशोधक आले. उद्योगधंद्यांतल्या खरेदीचं धोरण हा त्यांचा विषय होता, आणि अभ्यासासाठी त्यांनी सोलापुरातली आमची मिल निवडली होती. मॅनेजरसाहेबांना हा मिलचा बहुमान वाटला. फाटकावर त्यांना हार घातला. तो हारही आमच्याच खात्याने तीन कोटेशनं मागवून आणला होता. माझं अक्षर बरं आणि इंग्रजी कामापुरतं होतं, म्हणून महिनाभर मला त्यांच्या दिमतीला दिलं.

संशोधकांच्या मते कारखाना ही एक नदी होती. माल वरून यावा, खाली जावा, मध्ये कुठे साचू नये. साचलेला माल म्हणजे रोग. त्यांनी स्टोअरमधल्या सगळ्या वस्तूंचे तीन वर्ग पाडले. पहिल्यात कापूस, कोळसा, रंग. दुसऱ्यात यंत्रांचे मोठे भाग. तिसऱ्यात खिळे, सुतळी, झाडू आणि पिकर. तिसऱ्या वर्गाकडे वरिष्ठांनी लक्ष देण्याचं कारण नाही, असं ते म्हणाले. मला त्या वर्गाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. स्वतः ते इथली शेंगाची चटणी खाऊन खूष झाले होते. तिची खरेदी मात्र त्यांनी सहा महिन्यांची एकदम केली.

एके दिवशी ते पिंपांपाशी थांबले. स्टोअरकीपर अप्पा ज्वारीच्या काढणीला गावी, मंद्रूपला गेले होते, त्यामुळे उत्तर द्यायला मीच होतो.

"हा किती महिन्यांचा साठा?"

मी कार्ड पाहिलं. "सात-आठ महिन्यांचा, सर."

"आणि तो इथे काय करतोय?"

मला माहीत नव्हतं. अप्पा कधीतरी "झोपू दे त्यास्नी" असं म्हणाल्याचं आठवत होतं. तेल कीड लागू नये म्हणून असेल, अशी माझी आपली समजूत. पण ज्यांच्यापुढे आमचे मॅनेजरसाहेब हात बांधून उभे राहत होते, त्यांना "माहीत नाही" असं सांगायला माझी जीभ उचलेना.

"पडून आहे, सर," मी म्हणालो.

"लिहा," ते म्हणाले. मी लिहिलं.

त्या दोन शब्दांवर अहवालात अख्खं पान झालं. ते मीच टाइप केलं. पिकरचा साठा एका महिन्यावर आणावा, लांबच्या एका स्वस्त कारखान्याकडून दरमहा थोडे थोडे मागवावेत, शहरातल्या जुन्या कारखानदाराकडची नेहमीची ऑर्डर बंद करावी. मॅनेजरसाहेबांनी अहवालाला लाल कापडाची बांधणी करून घेतली आणि येईल त्या पाहुण्याला तो दाखवू लागले. पाहुणे बांधणीची तारीफ करायचे.

विणकाम खात्याचे जुने मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. तेव्हा साहेबांना अडवणारं कोणी नव्हतं. तीन पिंपं रिकामी करून भंगारात गेली, त्यांतले पिकर उरलेल्या एकाच पिंपात ठासून भरले. मग, दीड महिन्याने, अप्पा मंद्रूपहून परत आले.

ते माझ्या टेबलाशी आले. एरवी ते मला तम्मा म्हणत, त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ.

"तम्मा, माजी पिंपं कुटं हायती?"

"अहवालात आलंय, अप्पा."

"अहवाल कदी साच्याम्होरं हुबा ऱ्हायलाय काय? चल हिकडं."

त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं. एका हातात नव्या खोक्यातला कोरडा पिकर दिला, दुसऱ्या हातात पिंपातला. कोरडा पिवळट, नखासारखा कडक. पिंपातला काळा आणि जड.

"ह्ये कातडं सा म्हैनं त्याल पितंय. मग त्येला मार सोसतोय. कच्चा लावला तर चार दिसांत तडकतोय, आन् धोटा वाकडा सुटतोय. धोट्याच्या टोकाला लोखंड असतंय, ठाव हाय न्हवं? म्होरं मानूस असला की डोळाच. ह्या मिलमदी दोगांचं गेल्यालं म्या सोता बगितलंय."

माझ्या तळव्याला तेल लागलं होतं. मी ते पुसत राहिलो. "मग तुम्ही साहेबांना सांगा की."

"सांगून आलो की सकाळीच. त्येनी लाल पुस्तक उगडलं आन् वाचून दावलं."

काय वाचलं असेल ते मला पाठ होतं. जुन्या भांडारपालांना साठा करून ठेवण्याची मानसिक सवय असते आणि ते प्रत्येक कपातीला विरोध करतात, असं एक वाक्य अहवालात होतं. म्हणजे अप्पा जितकं पोटतिडकीने बोलतील, तितका अहवाल खरा ठरणार होता. वाद बिनतोड करायची इतकी सोपी रीत मी तोवर पाहिली नव्हती.

"माजं कोन ऐकतंय आता," अप्पा म्हणाले. "पुस्तक ज्येनी केलं त्येच्यातलाच कुनी म्हनला चुकलं, तर हुईल. 'पडून हाय' असं कोन लिवलं रे?"

"बघावं लागेल," मी म्हणालो.

हे सरकारी उत्तर होतं. अप्पा पिंपावर झाकण ठेवायला वळले.

तिथून माझी भीती सुरू झाली. पिंपात मुरलेले पिकर होते तोवर सगळं सुरळीत चालणार होतं, आणि चाललंही. साहेब बैठकीत म्हणाले की चार महिने झाले, एकही तक्रार नाही. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. पण रोज जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये जाऊन पिंपात डोकावत असे. तेलाची पातळी तीच वाटायची, तळ मात्र दिसू लागला होता. वाचनालयात विणकामावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. अप्पांनी दोन वाक्यांत सांगितलं तेच त्यात चार पानांत होतं. म्हणजे अप्पा चुकत असतील ही शेवटची आशाही गेली.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक विणकर राहत. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळी चाळ त्यांना मामा म्हणायची. साचेखात्यात दाराजवळचे दोन साचे त्यांचे. सकाळचा भोंगा झाला की आम्ही बरोबरच निघायचो.

"काय क्लार्कसाहेब," एक दिवस ते म्हणाले, "माझ्या तोंडाकडं काय बघायलास? पोरगी बघायला आल्यासारखं!"

मी त्यांचे डोळे बघत होतो. पिंगट, बारीक, सुताची धूळ जाऊन कडेला लाल झालेले. आजवर ते कधी माझ्या लक्षात आले नव्हते. आता चालता चालता मनात यायचं, उजवा की डावा? मामा पुढच्या बोनसच्या टक्क्यांविषयी बोलत असायचे आणि मी उजवा की डावा ठरवत असायचो. साहेबांपुढे जाऊन बोलायची वाक्यं मी जुळवली होती. दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंतही गेलो. एकदा आत पाहुणे होते. दुसऱ्यांदा आत साहेब एकटेच होते, म्हणून परत आलो.

पिंप रिकामं झालं. एका सोमवारी पहिले कोरडे पिकर साच्यांवर चढले. साचेखात्यात पिकर कायम तयार मिळत आलेले. ते कुठे आणि कसे तयार होतात हे विचारायची कोणाला गरज पडली नव्हती. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मी कसलीशी यादी हातात धरून साचेखात्यात गेलो. खरं म्हणजे मला टेबलाशी बसवत नव्हतं.

आवाजाने तिथली जमीन थरथरते. मामा तुटलेला धागा सांधायला शेजारच्या साच्यावर वाकले होते. वाकले होते म्हणून. फटकन एक आवाज झाला, एवढ्या गोंगाटातही वेगळा कळला, आणि धोटा त्यांच्या पाठीवरून जाऊन खिडकीच्या गजावर आदळला. गजाला पोचा पडला. मामा सरळ झाले, खाली पडलेला धोटा पाहिला, तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि हसले.

"सुटला की!"

साच्यांची दुरुस्ती बघणारा जॉबर आला. तडकलेला पिकर काढून त्याने खोक्यातला दुसरा बसवला. तसाच पिवळट, तसाच कडक. साचा पुन्हा सुरू झाला.

मघा उडालेल्या धोट्यापेक्षा मला या सुरू झालेल्या साच्याची जास्त भीती वाटली. मी मामांच्या जवळ गेलो. साचेखात्यात गुपित सांगायचं तरी ओरडावं लागतं.

"मामा, हे पिकर कच्चे आहेत! तेलात मुरलेले नाहीत!"

"मग मुरवा की! कोन नको म्हनतंय?"

"माझ्यामुळे झालं! पडून आहेत म्हणून मी लिहिलं होतं!"

त्यांचं हसू हळूहळू गेलं. "कदी?"

"सुगीत!"

"सुगीत लिवलास, आन् आता सांगायलास?" त्यांनी माझा दंड धरला आणि मला साच्यापुढे, त्यांच्या जागेवर उभं केलं. "हुबा ऱ्हा. जेवनाच्या भोंग्यापतूर. मी तुझ्या खुर्चीवर बसून येतो, गार वाटतंय म्हनं तितं."

ते गेले नाहीत. दोन पावलं मागे हाताची घडी घालून उभे राहिले. साचा चालवत तेच होते, धागा तुटला की मला बाजूला सारून सांधत होते आणि पुन्हा मला तिथेच उभं करत होते. मी अर्धा तास उभा होतो. धोटा दिसत नाही, नुसती एक पुसट रेघ दिसते, डावीकडे जाते आणि लगेच उजवीकडून येते. दर ठोक्याला मी डोळे मिटत होतो. मिटलेले डोळे लोखंडाला अडवत नाहीत हे कळत होतं, तरी मिटत होतो. लघवीला जावंसं वाटू लागलं. नेमणूक, साहेब, लाल बांधणी यांतलं काहीही त्या अर्ध्या तासात मला आठवलं नाही. एवढी एकच गोष्ट त्या जागेची चांगली होती.

भोंगा झाला. मी जेवायला न जाता थेट केबिनमध्ये गेलो.

"साहेब, अहवालात एक चूक आहे."

साहेबांचा चेहरा ताणला. "कोणाची?"

"माझी."

चेहरा बराच सैल झाला. त्यांची नाही, संशोधकांची नाही, तिसऱ्या वर्गातल्या माणसाची चूक; ती सुधारता येण्यासारखी होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं, मी तिथेच उभ्याने लिहून दिलं.

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"माहीत नव्हतं, साहेब. आणि माहीत नाही असं म्हणायची भीती वाटली."

फोन उचलून त्यांनी साचेखात्याला नवे पिकर उतरवायला सांगितलं. जेवणानंतर साचे सुरूच झाले नाहीत. अप्पांनी त्याच दुपारी नवी पिंपं मागवली. शहरातल्या जुन्या कारखानदाराकडे माणूस गेला; त्यांच्या हौदात मुरलेले थोडे पिकर शिल्लक होते. ते पलीकडच्या रांगांना पुरले. दाराजवळच्या रांगेपर्यंत आले नाहीत. माझी नेमणूक कायम करण्याचं सहा महिने पुढे ढकललं, म्हणजे कातड्याला लागतात तेवढेच.

संध्याकाळी मामा चाळीच्या जिन्यात बसले होते. विणकराला कापडावर मजुरी मिळते. साचा बंद म्हणजे सगळंच बंद. मी कडेने वर जायला निघालो.

"व्वा रे क्लार्कसाहेब," ते म्हणाले. "लई उपकार केलास. दोन्ही साचे बंद. घरात पाच तोंडं हायत, त्यांना काय तेल पाजू?"

जिन्यात उजेड कमी होता. मामा मान वर करून माझ्याकडे टक लावून बघत होते, संतापाने लाल झालेल्या दोन्ही डोळ्यांनी. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो आणि ते बोलत राहिले ते ऐकून घेतलं.