मोटार बंदच व्हईना

जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या बाजूला एक हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे. धम्मशीलाताई तिथल्या आशा कार्यकर्त्या. शिक्षण दहावी, वय पंचेचाळीस, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं माणूस ओ देतं. दवाखान्याच्या कामातून सवड मिळाली की कापूस वेचायला त्या बायांच्या टोळीत जातात. मी सांगणार आहे ती बायांची चोरटी भाषा त्या टोळीतच जन्मली.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात वेचणी चालली होती. दत्तराव बांधावरून हलायलाच तयार नाही. एका बाईला पाळी आली, तिला आडोशाला जायचं होतं. बांधावर उभ्या असलेल्या गड्यासमोर, पुरुषमाणसासमोर, बोलायचं कसं? धम्मशीलाताई उठल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "धुरपताबाई, हिची मोटार चालू झाली बघ. हिला तिकडं घेऊन जा."

दत्तराव म्हणाला, "आता कशी मोटार चालू हुईल? लाईट तर रातीला येतीय!"

बाया हसून हसून कापसात लोळल्या. त्या दिवसापासून पाळी म्हणजे मोटार झाली. दिवस गेले की लाईट गेली. गर्भपिशवी काढली की डीपी उतरवली. नवऱ्यानं हात उचलला तर शॉक बसला. सासऱ्यासमोर, दिरासमोर, किराणा दुकानात, कुठंही खुशाल बोलावं. गड्यांना वाटायचं, बायांना अलीकडं विजेची लय फिकीर पडली आहे.

मग ईश्वरी मॅडम आल्या. आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टर, माहेर नाशिकचं. हुशार, मायाळू, पण गावची बोली अर्धीच कळायची. एका मंगळवारी बन्सीधर नावाचे म्हातारे आपल्या सुनेला, कडूबाईला घेऊन त्यांच्यापुढं बसले. कडूबाईचा चेहरा पांढराफटक.

"काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

कडूबाईनं सासऱ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "थकवा यायलाय. मोटार बंदच व्हईना. पंधरा दिस झाले."

मॅडमना वाटलं, बाई रात्री जागून पिकाला पाणी देत असेल. त्या म्हणाल्या, "रात्रीचं पाणी देणं आठ दिवस बंद ठेवा. झोप झाली की बरं वाटेल."

बन्सीधर चक्रावले. "मॅडम, आमचं दोन एकर कोरडवाहू. आमच्यात मोटारच न्हाई! येडी झाली का काय ही?"

धम्मशीलाताई बाहेर लसीकरणाची कार्डं लावत होत्या. त्यांनी कार्डं तशीच टेबलावर टाकली आणि आत आल्या.

"बन्सीमामा, जरा बाहीर चला. केसपेपरवर तुमची सही ऱ्हायलीय."

म्हाताऱ्याला बाकावर बसवून त्या परत आल्या, दार लोटलं आणि कडूबाईजवळ बसल्या. "दिसाला किती फडकी बदलायलीस?"

"सात-आठ. गाठी पडायल्यात ताई."

आता ईश्वरी मॅडमना मोटार कळली. त्यांनी लगेच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा.

"अगं, मग मला सरळ का नाही सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"मामाजी होते की. ताई बाहीर दिसल्या, म्हणून मोठ्यानं बोलले. म्हणलं, त्यायला कळंल."

धम्मशीलाताई बाकाजवळ जाऊन बन्सीधरांना म्हणाल्या, "मामा, सुनंच्या अंगातलं रगत निम्म्यावर आलंय. परभणीला न्यावं लागतंय, आत्ताच."

म्हातारे बाकावरून उठले. मग म्हणाले, "गाडी बोलवा. मी येतो संगं."

परभणीत दोन बाटल्या रक्त चढलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. ती काढली, पिशवी मात्र शाबूत राहिली. अकराव्या दिवशी कडूबाई घरी आली. दोन महिन्यांनी पुन्हा वेचणीला गेली.

इकडं ईश्वरी मॅडमनी धम्मशीलाताईंकडून एकेक शब्द विचारून कागदावर उतरवला होता. परभणीला डॉक्टर-नर्सांची बैठक होती. मॅडमच्या मनात आलं, याचा तक्ता छापावा आणि प्रत्येक केंद्रात लावावा. बोलायला त्यांनी ताईंनाच उभं केलं. समोर साहेब लोक, हातात माईक. ताईंनी माईक बाजूला ठेवला. त्यांना त्याची गरज नव्हती.

"मी शब्द सांगत न्हाई," त्या म्हणाल्या.

मॅडमनी चमकून पाहिलं.

"भिताडावर लागले की गड्यायला कळतेत. मंग बाया बोलायच्याच बंद व्हतेत. तुमाला शब्द पाठ करायची गरज न्हाई. बाईसंगं कोण आलंय त्याला आधी बाहीर बसवा, मंग इचारा. अन् न्हाई कळलं तर 'म्हणजे काय गं बाई' म्हणायला लाजू नका. एवढंच."

टाळ्या वाजल्या. परतताना जिंतूरच्या बसमध्ये मॅडम ताईंशेजारी बसल्या. मग पर्समधून तो कागद काढून ताईंच्या हातात दिला. "ताई, माझ्या डोक्यातच नव्हतं आलं हे."

"तुमी मनापासून करायला गेला मॅडम," ताई म्हणाल्या, "राग न्हाई मला."

मी हे शब्द इथं उघड लिहिलेत, कारण आता ते कुणाच्या कामाचे नाहीत. टोळीतल्या एकीच्या नवऱ्याला संशय आला, तशी बायांनी पुढच्या वेचणीआधीच सगळे बदलून टाकले. नवे कुठले, ते मी विचारलं. धम्मशीलाताई म्हणाल्या, "तुमी गडीच हाव की!" आणि चहा पुढं केला.

ईश्वरी मॅडमची यंदा बदली झाली. त्यांच्या जागी शंतनु नावाचा तरुण डॉक्टर आला आहे. तो हजर झाला त्याच दिवशी ताईंनी त्याच्या खोलीबाहेर, दारापासून चांगली दहा पावलं लांब, एक लाकडी बाकडं टाकून घेतलं.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"सांगते की. बसा," ताई म्हणाल्या.