बोलल्याबिगर मेंढरं बसत नसतात

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा मला एसटीत बसवायला आले नाहीत. ते अण्णांच्या बांधावर शिव्या खात बसले होते. गाडी त्याच रानावरून पैठणकडं वळते. खिडकीतून अण्णांचे हातवारे दिसले आणि आबांचं हलणारं मुंडासं. मला शहरात पोचवायला निघालेली आई शेजारी होती. म्हणाली, "चालू दे त्यांचं. बोलल्याबिगर मेंढरं बसत नसतात."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मेंढरंवाले, अण्णा गावातले बागायतदार. रब्बी निघाली की आमचा कळप रात्री त्यांच्या मोकळ्या रानात बसायचा. त्यांना लेंडीखत, आम्हाला ज्वारी. पण कळप आत घालायच्या आधी दोघं बांधावर बसून वर्षभराचं सगळं ओकून टाकायचे. कुणाच्या मेंढरानं हरभरा खाल्ला, कुणी कुणाची जात काढली. आबाही सोडायचे नाहीत. "अण्णा, तुमच्या दारात मला पाणी वरून ओतत्यात. ते बंद करा." अण्णा आधी भडकले, मग स्वतःचा तांब्या पुढं केला. एकदा बोलून झालं की तो विषय मिटला.

मी संभाजीनगरात शिकले. आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी छाती पुढं काढून सांगते. हर्सूलकडं फ्लॅट आहे. सोसायटीत सगळे 'मॅडम' म्हणतात. आडनाव विचारतात, त्यानं भागलं नाही तर मूळ गाव विचारतात, मग गोड हसून दार लावून घेतात. इतक्या वर्षांत कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. सुरुवातीला हे लई भारी वाटायचं.

यंदा ती शांतता गावात पोचली.

अण्णा आता नाहीत. त्यांचा मुलगा संतोष वाळूजला कंपनीत आहे. त्यानं आबांना फोनवर एवढंच सांगितलं, "बसवा मेंढरं." ना बांधावर बसणं, ना भांडण. आबांनी कळप रस्त्यालाच थांबवला. मला फोनवर म्हणाले, "शिवी दिली असती तर गेलो असतो, बाई. मुकाट्यानं या म्हनतोय, त्याचं भ्या वाटतंय." दुसऱ्या दिवशी आमचं राखणीचं कुत्रं रस्त्याकडेला मरून पडलेलं सापडलं. अंगावर जखम नव्हती. गावात कुणी 'काय झालं' म्हणून विचारलंही नाही.

मी संतोषच्या वाळूजच्या घरी गेले.

"ताई, कशाला टेन्शन घेता? मी हो म्हणलोय ना."

"हो नको म्हणूस. पोटात काय आहे ते बोल. शिव्या दे, पण बोल."

तो मोबाईलवर बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझं काय नाय ओ. गावातल्या पोरांचा ग्रुप हाय. तुमच्या लोकांविषयी काय काय चालतं त्यात. मी गप राहतो. रानात ती काय करतील, मला नाय सांगता येत."

"तू आहेस त्या ग्रुपात?"

त्यानं फोन पालथा ठेवला.

मी आबांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, कळप घेऊन पाठ फिरवतील. ते म्हणाले, "मग त्याला म्हनावं, मी बांधावर बसलोय. त्यानं आन त्या पोरांनी यावं. माझंबी लई साचलंय." मी संतोषला तसा मेसेज टाकला. त्यानं वाचला, निळ्या खुणा दिसल्या.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठं म्हणून कुणी विचारलं की मी फ्लॅटचा पत्ता सांगत आले. आता वाटतं, आपल्याशी तोंडावर भांडणारं माणूस जिथं आहे, ते घर. तसं कुणी गावात उरलंय का, मला माहीत नाही. आबा कालपासून बांधावर एकटे आहेत. मी त्यांच्याकडं निघालेय. संतोषला फोन करून म्हटलं, गाडीत जागा आहे, चल. "बघतो," म्हणाला.

हे मी त्याच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून लिहितेय. गॅलरीचा पडदा एकदा हलला. जिन्यावर अजून कुणी नाही.