ब्याण्णववर लागणारा पंखा

सावद्याच्या प्रमिलाबाई पाटील गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांना सून आलेली होती. त्याआधी त्यांनी स्टिअरिंगला कधी हातसुद्धा लावला नव्हता. गाडी नवऱ्याची, रतिलालभाऊंची. जुनी फियाट, मोतिया रंगाची, केळीला चांगला भाव मिळाला त्या वर्षी भुसावळच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. रतिलालभाऊंनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली. मग काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. आधी कडा गेल्या, मग रात्र गेली, शेवटी दिवसही गेला. नवीन नावाचा पोरगा पुण्याला नोकरीत. तो म्हणाला, गाडी विकून टाका. प्रमिलाबाईंनी फैजपूरच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं.

सुरुवातीला त्या गल्लीतून गाडी काढायच्या तेव्हा ओट्यावरच्या बाया काम टाकून बघत राहायच्या. पुढं त्याच बाया दवाखान्यात जायचं असलं की निरोप पाठवू लागल्या.

त्या गाडीचं एक दुखणं होतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या मूळ पंख्याचं एक पातं मोडलं होतं आणि तसं दुसरं कुठं मिळालं नव्हतं. म्हणून गावातल्या योगराज मिस्त्रीनं रेडिएटरसमोर विजेवर चालणारा पंखा बसवून दिला होता आणि त्याचं बटण डॅशबोर्डखाली, डावीकडे. गाडी तापू लागली की पंखा लावायचा, निवली की बंद करायचा. हे काम रतिलालभाऊंनी आपल्याकडं घेतलं. प्रमिलाबाई काट्याकडं बघून आकडा सांगायच्या, आणि ते बटण दाबायचे. नजर गेल्यापासून ज्याला ज्याला हात लावावा ते कोणीतरी हातातून काढून घेई. हे एक काम तेवढं त्यांचं राहिलं होतं, आणि प्रमिलाबाईंना त्याचं बरं वाटायचं.

वैशाखात ती दोघं धुळ्याला निघाली होती, लेकीकडं, सारिकाकडं. एरंडोलच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं आणि ट्रकांची रांग लागली होती. ऊन असं की डांबर चमकत होतं. रतिलालभाऊंचा डोळा लागला. प्रमिलाबाईंचं सगळं लक्ष मागून रेटणाऱ्या ट्रककडं. काट्याकडं बघायचं राहून गेलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तेव्हा कळलं. गाडी बाजूला घेतली, बाभळीच्या तोकड्या सावलीत दोघं बसली. रतिलालभाऊ पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, मी झोपायला नको होतं. त्या म्हणत होत्या, काटा मी बघायला हवा होता. इंजिन निवल्यावर पाणी भरून संध्याकाळी कशीबशी धुळ्याला पोचली.

घरी आल्यावर योगराजनं तपासून सांगितलं, इंजिनाला काही झालं नाही, पण पुढच्या वेळी होईल. आता रेडिएटरमध्ये उष्णतेवर चालणारा स्विच बसवून घ्या. पाणी ठरावीक तापलं की तो आपोआप पंखा लावतो, निवलं की बंद करतो. सुटे भाग जळगावात मिळतील.

रतिलालभाऊ लगेच तयार झाले. प्रमिलाबाई मात्र आज-उद्या करत राहिल्या. दोन-चार दिवसांनी दोघं जळगावला गेली. रतिलालभाऊ गाडीत बसले, त्या दुकानापर्यंत गेल्या, पायरीपाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, दुकान बंद आहे.

सावद्यापर्यंत काटा सांगणं आणि बटण दाबणं चालू राहिलं. संध्याकाळी त्या अंगणात पाणी मारत होत्या. ते खाटेवर बसले होते.

"दुकान बंद नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

प्रमिलाबाईंनी बादली खाली ठेवली. "नव्हतं."

"मग कामून तसं सांगितलं?"

"तो स्विच बसला म्हणजे तुम्हाले गाडीत काय काम राहीन?"

रतिलालभाऊ म्हणाले, "माझे डोळे गेल्यावर तू मले पहिल्यांदा जळगावले नेलं, ते आठवतं का तुले? रस्ताभर बोलत होती. कोणाचा बाग कापणीले आला, कुठी नवं घर उठलं, कोणाच्या बैलाचं शिंग रंगवलं. मले सगळं दिसत होतं. आता तू फक्त काटा सांगते. ऐंशी झाला, नव्वद झाला. मी गाडीत नाही, रेडिएटरमधी बसून फिरतो असं वाटतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच प्रमिलाबाईंना ते जास्त लागलं. आपण त्यांच्यासाठी म्हणून जे जपून ठेवलं होतं त्याचं त्यांना ओझं झालं होतं, आणि ते ओझं आपल्यासाठी म्हणून वाहत होते. त्यांनी ओल्या हातानंच खाटेची कड धरली आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, सोमवारी जाऊ.

सोमवारी त्या रतिलालभाऊंचा हात धरून दुकानात घेऊन गेल्या. दुकानदार कुंदनशेठनं काचेवर तीन स्विच मांडले. पितळी, अंगठ्याएवढे, खाली आटे आणि कडेला आकडे कोरलेले. प्रमिलाबाईंनी ते वाचून दाखवले. एक ब्याऐंशी अंशांवर पंखा लावणारा, एक ब्याण्णववर, एक शंभरावर. पाणी त्याहून पाच अंश निवलं की प्रत्येक स्विच पंखा बंद करणारा. कुंदनशेठचं म्हणणं, आपल्याकडचं ऊन बघता सगळ्यात खालचा न्या, पंखा लवकर लागलेला बरा.

रतिलालभाऊंनी तिन्ही हातात घेऊन चाचपले आणि बायकोला विचारलं, "मोकळ्या रस्त्याले काटा किती राहतो?"

हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. "पंच्याऐंशीच्या आसपास. चढाले जरा वर."

"मग तूच सांग कोणता घ्यायचा."

प्रमिलाबाई विचार करू लागल्या. गाडी नीट चालते तेव्हाच पंच्याऐंशी असते. म्हणजे ब्याऐंशीचा घेतला तर एकदा लागलेला पंखा बंदच व्हायचा नाही, आणि जुना डायनामो बॅटरीला तेवढं पुरवणार नाही. शंभराचा घेतला तर पंखा लागेपर्यंत जुन्या रेडिएटरला वाफ धरवायची नाही. त्यांनी मधला उचलला. कुंदनशेठनं मान हलवली. इंजिन पंच्याऐंशीवर राहत असेल तर हाच बरोबर, म्हणाले. मी सरसकट सगळ्यांना खालचा देतो, कारण काटा कुठं राहतो ते कोणाला ठाऊकच नसतं.

बसवण्याआधी रतिलालभाऊंना तो पारखून घ्यायचा होता. प्रमिलाबाईंनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात पाणी, पाण्यात तापमापी, आणि तारेला बांधून स्विच असा सोडला की पितळेचं टोक तेवढं बुडेल. तारांच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि छोटा बल्ब. पाणी कढत चाललं. रतिलालभाऊ ओट्याला टेकून उभे होते. एक्क्याण्णवला पातेल्यात बारीक टक झालं, बल्ब लागला, आणि दोघं एकदमच म्हणाली, लागला. गॅस बंद करून बल्ब विझेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली. शहाऐंशीला विझला. चहाची वेळ टळून गेली होती ते नंतर लक्षात आलं.

योगराजनं रेडिएटरच्या वरच्या टाकीला आटे पाडलेला पितळी तुकडा कथलाचा डाग देऊन बसवला, त्यात स्विच घट्ट केला, थेट बॅटरीकडून फ्यूज घालून तार आणली. जुनं बटण काढू का, त्यानं विचारलं. राहू दे, रतिलालभाऊ म्हणाले, कधी स्विचनं दगा दिला तर असावं.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा धुळ्याला निघाली. भुसावळपर्यंत प्रमिलाबाईंची नजर सवयीनं काट्याकडं जात होती आणि आकडा ओठावर येत होता. बांभोरीला गिरणेच्या पुलावर त्यांनी पहिल्यांदा काट्याचं सोडून काही सांगितलं. पात्रात पाणी नाही, पण एका डबक्यात म्हशी बसल्यात, बगळा एका म्हशीच्या पाठीवर.

"कोणत्या बाजूले?" रतिलालभाऊंनी मान वळवून विचारलं.

मग प्रमिलाबाईंचं तोंड थांबलं नाही. उन्हात पडलेली नांगरटीची ढेकळं, कोणाच्या तरी लग्नाचा मांडव, एरंडोलच्या कामाजवळ उभा असलेला आणि सगळ्यांवर ओरडणारा मुकादम. तिथं रांगेत गाडी थांबली तेव्हा समोर घर्र झालं. पंखा लागला होता. थोड्या वेळानं बंद झाला. मुकादमाचं वर्णन मध्येच तुटलं म्हणून रतिलालभाऊंनी पुढं काय झालं ते विचारलं.

धुळ्यात सारिकाच्या दारात गाडी उभी केली, किल्ली काढली, तरी पंखा फिरतच राहिला. सारिकाची सासू झुंबरबाई बाहेर आल्या आणि बॉनेटजवळ वाकल्या.

"गाडी बंद शे, मंग हाऊ पंखा कसा फिरस?"

प्रमिलाबाईंनी सांगितलं, पाणी निवलं की त्याचा तोच थांबतो. झुंबरबाईंना ते पाहायचं होतं. मग सारिकाही आली, आणि आत वरण-भात वाढलेला ठेवून सगळी उन्हात उभी राहिली, पंखा थांबायची वाट बघत.