मागचा नारिंगी ठिपका

रुग्णालयात त्याला सगळे श्वासधरे म्हणत. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. एक्स-रेच्या खोलीत तो बावीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर वेळा, एकच वाक्य म्हणत आला होता : "श्वास धरा... हलू नका... हं, सोडा." एकदा मेहुणीच्या लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढतानाही त्याच्या तोंडून तेच निघालं आणि अख्ख्या वऱ्हाडानं श्वास धरला. तेव्हापासून सासरीही तेच नाव चिकटलं.

माणूस स्वभावानं घाबरट. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, याच्यापाठी तर त्या राक्षसाचं सबंध कुटुंब होतं. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत वर यायचा. पण हीच भीती त्याला कामात उपयोगी पडे. छातीच्या एक्स-रेत कोपऱ्यातली तांदळाएवढी सावली त्याच्या नजरेतून सुटत नसे. "श्वासधरे," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तुमच्यासारखे आणखी दोन घाबरट मिळाले ना, तर माझं निदान जन्मात चुकायचं नाही."

त्याची भीती एकाच जागी थांबे, ती कॅमेऱ्यामागं. एक डोळा त्या इवल्याशा खिडकीला लागला आणि दुसरा मिटला, की कुलूप, गॅस, रक्तदाब, सगळं बाहेर राही. सुट्टीच्या दिवशी तो पहाटेची बस धरून कधी टेकडीवर जाई, कधी समुद्रावर, कधी तळ्यावर. सहलीत बाकीचे देखावा बघत, हा देखाव्याच्या मागं काय आहे ते बघे. त्याचं म्हणणं सोपं होतं : पक्षी कितीही देखणा असो, मागं एखादी पिशवी नाहीतर कुणाचा भडक शर्ट आला की फोटो मेला. मागची बाजू कशी स्वच्छ हवी. लांबच्या भिंगात मागचं सगळं विरघळून नुसते रंग उरतात, आणि मग फोटोग्राफरनं पाऊलभर इकडं किंवा तिकडं सरकून नको तो रंग चौकटीबाहेर घालवायचा. या सरकण्यातच त्याला स्वतःची खरी कला वाटे.

"अहो, वीस वर्षं झाली लग्नाला," बायको म्हणायची, "पण तुमच्या एका धड फोटोत मी नाही. मी काय मागची बाजू खराब करते?"

"तसं नाही गं. तू हलतेस."

"मग बगळ्याशीच करायचं होतं लग्न. तो तासन् तास हलत नाही."

घरात तिसरे त्याचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं वीजखात्यात लाइनमन होते. हातपाय अजून खणखणीत. "बिघाड वरच्या मजल्यावर आहे," असं ते स्वतःच डोक्यावर टिचकी मारून सांगत, म्हणजे ज्या दिवशी आठवे त्या दिवशी. नाही आठवलं तर सुनेला "बाई, तुम्ही कोणाकडं आलात?" असं अदबीनं विचारत. वर्षभरात तीनदा ते घराबाहेर पडून हरवले होते. तिसऱ्या वेळी पेट्रोल पंपावर सापडले, तेव्हा सून बाजारात जाऊन भडक नारिंगी रंगाचा स्वेटर घेऊन आली. "गर्दीत मैलभरावरून दिसले पाहिजेत," ती म्हणाली.

त्या रविवारी बायकोला तिच्या बहिणीकडं जावं लागलं. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. श्वासधरेनं तर महिन्याभरापासून त्या दिवशी तळ्यावर जायचं ठरवलं होतं. तिथं पाण्यात रोवलेल्या एका सुक्या काठीवर रोज सकाळी खंड्या येऊन बसतो, असं त्यानं हेरून ठेवलं होतं.

"मी बाबांना घेऊन जातो," तो म्हणाला. "मोकळी हवा लागेल."

"न्या. पण डोळ्यांसमोर ठेवा. कॅमेऱ्यासमोर नाही म्हणाले मी, डोळ्यांसमोर."

"अगं, मी कुलूप तीनदा ओढणारा माणूस!"

"चारदा," बायको म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

तळ्यावर पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. कडेनं माणसाच्या छातीएवढी लव्हाळी, मधे काळसर पाणी, आणि पलीकडच्या अंगाला तळ्याला वळसा घालून जाणारी जुन्या लोखंडी खांबांची रांग. ती रांग पंपघराकडं जात होती. पंपाची घरघर इथपर्यंत ऐकू येत होती. त्यानं घडीचं स्टूल उघडून बाबांना आपल्या पाठीशी बसवलं, हातात थर्मासच्या झाकणातला चहा दिला आणि तिपाईवर कॅमेरा चढवला.

"बाबा, इथंच बसायचं हं. हलायचं नाही."

"श्वास घेऊ ना?" बाबा म्हणाले. त्या दिवशी ते चांगले होते. तो हसला आणि निर्धास्त झाला. तिथंच चुकला.

खंड्या दहा मिनिटांत आला. निळा झगमगता कोट, विटकरी पोट. श्वासधरेचा डोळा खिडकीला चिकटला. पाच-सहा फोटो काढले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पक्ष्याच्या मागं, विरघळलेल्या हिरव्या रंगात, एक नारिंगी ठिपका आहे. कुणाचा तरी प्लास्टिकचा डबा असणार. नेमका चोचीला चिकटून! वैतागला. पक्षी उडू नये म्हणून तसूतसूनं तिपाई डावीकडं सरकवली. ठिपका गेला. थोड्या वेळानं परत आला, या वेळी शेपटीकडं. तो पुन्हा सरकला, तिपाई वीतभर खाली घेतली, लव्हाळ्याचा एक झुपका मधे घेतला. आता मागं नुसतं हिरवं रेशीम. मनातल्या मनात त्यानं स्वतःची पाठ थोपटली.

"बाबा, आज जमलं बरं का," तो मान न वळवता म्हणाला. "सूर मारेपर्यंत थांबू. कंटाळा नाही ना आला?"

बाबा काही बोलले नाहीत. ते एरवीही कमीच बोलत. तो मधूनमधून बोलत राहिला. चहा गार झाला का, ऊन लागतंय का. खंड्यानं सूर मारला, चोचीत मासळी घेऊन परत बसला आणि उडून गेला. श्वासधरेनं कंबर सरळ केली, मागं वळला.

स्टूल रिकामं होतं. झाकणातला चहा गवतावर तसाच ठेवलेला, त्यात एक मुंगी पोहत होती.

"बाबा?" आधी हळू, मग मोठ्यानं. लव्हाळ्यातून पाखरं उडाली, बाकी काही हललं नाही. अर्धा तास तो रिकाम्या स्टुलाशी गप्पा मारत होता.

तो पहिल्यांदा पाण्याकडं धावला. काठाशी चिखल होता, चिखलात पावलं होती, पण ती गुरांची होती का माणसाची हे त्याला कळेना. पाण्यावर चार बुडबुडे आले. तो पाहत राहिला. आणखी दोन आले. तो गुडघाभर पाण्यात शिरला, हात कोपरापर्यंत घालून चाचपलं, हाताशी आली कुजलेली फांदी. तिला हात लागला त्या क्षणी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यानं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. जन्मभर तो या ना त्या गोष्टीला भीत आला होता. पण ती भीती म्हणजे सरावाची होती, हे त्याला आता कळलं. ही वेगळीच होती. हिला आवाज नव्हता, नुसती कानात शीळ वाजत होती.

वाटेवर परत येतो तो एक बाई लव्हाळ्याचा भारा बांधताना दिसली.

"मावशी, म्हातारे गृहस्थ दिसले का कुठं? नारिंगी स्वेटर?"

बाईनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. तो चिखलानं माखलेला होता.

"दिसले की. मघापासून दिसत होते."

"कुठं? कुठं दिसले?"

"आता तुम्हीच मला विचारता का? तुम्हीच तर त्यांच्याकडं कॅमेरा रोखून बसला होता. ते तिकडनं चालले होते, तुम्ही इकडनं सरकत सरकत फोटो काढत होता. मी म्हटलं, काय हौस आहे, बापाचे फोटो काढतोय!"

तो कॅमेऱ्याकडं पळाला. बटण दाबताना अंगठा घसरत होता. ठिपका आलेल्या पहिल्या चौकटीत तो चोचीजवळ. त्यानं तो मोठा केला. धूसर होता, पण डब्याला खांदे नसतात. दोन चौकटी पुढं ठिपका उजवीकडं, त्याच्या बाजूला एक करडी उभी रेघ. आणखी चार चौकटींनी, शेपटीकडं, पुन्हा ठिपका, पुन्हा तशीच उभी रेघ. त्यानंतर स्वच्छ हिरवं रेशीम, बावीस फोटो.

उभी रेघ म्हणजे खांब होता. बाबा एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडं चालले होते. पस्तीस वर्षं तेच केलं होतं त्यांनी : खांबाशी जायचं, वर बघायचं, आणि वर काही बिघडलेलं दिसलं तर...

पुढचा विचार त्यानं पुरा केला नाही. कॅमेरा तिथंच टाकून तो धावत सुटला. "अहो, सामान!" बाई मागून ओरडली. लव्हाळी छातीवर फटके मारत होती. एक खांब गेला, दुसरा, तिसरा. पंपाची घरघर वाढत होती. पंप चालू होता, म्हणजे तारांत वीज होती. पाचव्या खांबावर त्याला नारिंगी रंग दिसला, आणि तो जमिनीवर नव्हता.

खांब जुना, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी खुंट्या. कुणी चढू नये म्हणून खाली गुंडाळलेली काटेरी तार गंजून गळून पडलेली. बाबा दोन पुरुष उंचीवर होते. अनवाणी, चपला वाटेत कुठंतरी राहिलेल्या. डावा हात खांबाला कवटाळलेला, उजवा वरची खुंटी चाचपत होता. तारा त्यांच्या डोक्यावर आणखी आठ-दहा फुटांवर असतील.

हाक त्याच्या ओठापर्यंत आली आणि त्यानं ती गिळली. दचकून हात सुटला तर? आणि हाक न मारावी तर ते अजून एक खुंटी चढतील. चढलेच. नारिंगी स्वेटर वीतभर वर सरकला.

तो खांबाखाली जाऊन उभा राहिला. लहानपणी तो बाबांचा डबा घेऊन जायचा, तेव्हा खांबाखालचा माणूस वरच्याशी कसा बोलायचा ते त्यानं ऐकलं होतं. ओरडून नाही, घाई करून नाही. शब्द ठरलेले.

"वरचे," तो म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "वरचे, थांबा. लाइन चालू आहे."

वरचा हात हवेतच थांबला.

"काय?"

"लाइन चालू आहे. परवानगी आलेली नाही. खाली या."

"चालू आहे?" बाबांनी खाली न पाहता विचारलं. आवाज वेगळाच होता, करडा, तरुण. "मग मला चढू कसं दिलं?"

"चुकलं माझं. उतरा आता. एकेक खुंटी. मी बघतोय."

"बघतोयस ना?"

"बघतोय."

बाबांचा डावा पाय खालची खुंटी शोधू लागला. सापडेना. अंगठा लोखंडावर घासून घसरला, एक क्षण सगळा भार हातांवर आला, मनगटं थरथरली. श्वासधरेनं खालून दोन्ही हात वर केले, जणू ते तिथवर पोचणार होते. "डावीकडं," तो म्हणाला. "बोटभर डावीकडं. हं. टेकला. आता दुसरा." बावीस वर्षं लोकांना श्वास धरायला लावणारा हा माणूस, आता त्याचाच अडकला होता आणि सोडायला सांगणारं कुणी नव्हतं. शेवटच्या खुंटीवर त्यानं बाबांचे घोटे धरले, मग गुडघे, मग कंबर, आणि त्यांना जमिनीवर उभं केल्यावर स्वतः चिखलात बसला.

बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. पायांच्या तळव्यांतून रक्त येत होतं. डोळ्यांत ओळख नव्हती, राग होता.

"तू खालचा ना?"

"हो."

"खालच्या माणसाचं काम काय?"

तो चिखलात बसूनच त्यांच्या पायांकडं बघत राहिला.

"वरच्यावरून नजर काढायची नाही! एवढंच काम. कुठं होतं लक्ष तुझं?"

"पक्ष्याकडं," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

"पक्ष्याकडं!" बाबांनी कपाळावर हात मारला. "इथं माणूस वर चढतोय, आणि हा पाखरं बघतोय! कुणी घेतलं रे तुला खात्यात?"

तो हसला नाही आणि रडलाही नाही. बाबांनी हात पुढं केला आणि त्याला ओढून उभं केलं. त्या हाताची पकड अजून लोखंडासारखी होती, आणि आता तीच त्याला सगळ्यात भीतीदायक वाटली. हे हात पुन्हा चढू शकत होते. उद्या, परवा, घरासमोरच्या खांबावर.

"पुढचे राहिलेत," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

त्यानं त्यांना मागं ओढलं नाही. खांबांची रांग पंपघरावरून सडकेला मिळत होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आपले बूट काढून बाबांच्या पायांत घातले, त्यांच्या कोपरापाशी स्वेटरची बाही मुठीत पकडली आणि बरोबर चालायला लागला. प्रत्येक खांबाशी बाबा थांबत, मान वर करून तारा न्याहाळत. प्रत्येक खांबाशी तो मुठीतली बाही आणखी घट्ट धरी.

"ठीक आहे ना वर?" तो विचारी.

बाबा वेळ घेत. मग म्हणत, "ठीक आहे. पुढं चल."

सडकेपर्यंत अजून अकरा खांब होते.