पारूबाईचा रविवारचा फोन

टीव्हीतल्या माणसांना पारूबाईइतक्या शिव्या अख्ख्या कुंडल गावात कुणी घातल्या नसतील. रविवारी संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागायची. त्यात एक सुनंदा आणि एक शेखर. दोघांचा एकमेकांवर जीव, मधे कसलासा गैरसमज, आणि दर भागात तेच रडगाणं. तो म्हणायचा, "सुनंदा, मला तुला काहीतरी सांगायचंय." ती म्हणायची, "काय?" मग हा खिडकीबाहेर बघायचा, मागं सतार वाजायची, आणि म्हणायचा, "काही नाही."

झालं, पारूबाई उसळायची. "आरं मुडद्या, बोल की! मिठाची गुळणी धरलीयास व्हय तोंडात? आन ही भवानी! ईचार की त्याला पुना एकदा! दोन शब्दांत मिटतंय, तर चार म्हैनं झालं डोळं गाळत बसल्यात!"

माझी लेक ब्राह्मी हसून हसून लोळायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्यास्नी ऐकू जातंय व्हय तुझं?" मलाही त्या सुनंदाचा संताप यायचा, पण आमच्या घरात असलं ओरडायचं काम पारूबाईकडंच होतं.

आमची द्राक्षबाग आहे. पारूबाई अकरा वर्षं आमच्या बागेत कामाला. बौद्धवाड्यात राहायची. नवरा मिलिटरीतनं पेन्शनीत येऊन दोन वर्षांत गेला. एकुलता मुलगा महेंद्र साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीनवर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तरी मला आक्का म्हणायची, तुमी म्हणायची. मी तिला सरळ तू म्हणायची. तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही.

फोन तेव्हा वस्तीत कुणाकडं नव्हता. महेंद्रनं आमचा नंबर घेतला होता, पीपी म्हणून, म्हणजे फोन आमचा आणि बोलायचं पारूबाईनं. रविवारी सातनंतर फोनचा दर उतरायचा, म्हणून तो तेव्हाच करायचा, आणि पारूबाई सातलाच येऊन बसायची. उंबऱ्याच्या आत, सतरंजीच्या बाहेर. आम्ही तिला कधी बाहेर बस म्हणालो नाही. वर सरक, असंही कुणी म्हणालं नाही. आम्ही जैन; आमची जेवणं दिवस मावळायच्या आतच उरकलेली असायची, त्यामुळं सगळं घर तिथंच. आमचे हे, म्हणजे नेमिनाथ, खुर्चीत, सासूबाई कॉटवर, शेजारची चार बायकापोरं खाली.

फोन वाजला की मी उठून टीव्हीचा आवाज पार बंद करायची. बिचारीला नीट ऐकू यावं, एवढंच माझ्या मनात. मग सुनंदा-शेखर नुसते ओठ हलवायचे आणि आम्ही आठ-दहा माणसं पारूबाईकडं बघत बसायचो. ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. त्यांच्यात एकमेकांना जयभीम करतात. आमच्या फोनवर ती ते कधी म्हणाली नाही. "हां, बोल. बरी हाय. जेवतूस न्हवं? बरं, ठिवू?" एवढंच. आठ दिवस वाट बघायची ती एवढ्यासाठी.

शहाण्णवच्या डिसेंबरात आमची विरळणी चालली होती. म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढून टाकायचे. पारूबाईची कात्री चालेना. मी म्हणाले, "काय गं, आज हात जड झालाय?" तर म्हणाली, "आक्का, म्हेंद्राची कंपनी गुजरातला चाललीया. त्यालाबी येतूस का म्हणत्यात. न्हाईतर हितं पलूसला एका वर्कशॉपात जागा हाय, पगार कमी. काय करू म्हणून ईचारतोय मला. रविवारी सांगायचं हाय."

"मग?"

"मग काय! हितं ये म्हणायचं. मालक गेल्यापास्नं घर खायला उठतंय वो. भाकरी एकीपुरती थापायची, आन तीबी उरती."

आठवडाभर ती बागेत तेच घोकत होती. असं म्हणते, तसं म्हणते. मी पण दोन शब्द सुचवले.

रविवारी फोन आला. मी आवाज बंद केला. सगळे बघायला लागले. पारूबाईनं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा की. पगार बरा हाय न्हवं? माझं काय, मी बरी हाय. हितं सगळी हाईत की."

मी गारच पडले. आवाज सोडला, तर टीव्हीत सुनंदा गाडीत बसून निघालेली आणि शेखर खांबाला टेकून उभा, मख्खासारखा. पारूबाई एक अक्षर बोलली नाही. भाग संपायच्या आधीच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी बागेत मी तिला फैलावर घेतलं. "त्या सुनंदाला शिव्या देतीस, आणि तू काय केलंस गं? तोंड शिवलं होतं का?"

ती खाली बघून म्हणाली, "समद्यांम्होरं कसं म्हणू आक्का, मला करमत न्हाई म्हणून? लोक म्हणतील, पोराच्या पायात पाय घालती म्हातारी."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या शांततेचं मला कौतुक वाटत होतं, तीच तिचा गळा धरत होती. महेंद्र निघायला अजून आठ दिवस होते. अजून एक रविवार हातात होता. म्हणलं, बघतेच आता.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पारूबाईलाही नाही. उगीच आधी बोलले तर ती लाजेल, आणि सासूबाईंना सांगितलं तर दहा प्रश्न. फोन वाजला आणि पारूबाई उठून फोनकडं पाऊल टाकते न टाकते, तोवर मी टाळ्या वाजवून म्हणाले, "उठा, उठा! सगळे परसात चला! अहो, तुम्हीसुद्धा!" हे चिडले, सासूबाई पुटपुटत उठल्या, बायका पोरं घेऊन निघाल्या. तिचं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मी मुद्दाम मोठा ठेवला. एका मिनिटात खोली रिकामी. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पारूबाई लगेचच बाहेर आली. चपला घातल्या आणि चालायला लागली.

"झालं पण एवढ्यात?"

"व्हय," म्हणाली. मागं वळली नाही.

महेंद्र गुजरातला गेला. पारूबाई बागेत येत राहिली. विचारलं तेवढ्याला व्हय, न्हाई. रविवारी यायची बंद झाली. डोकं दुखतंय म्हणायची. मला वाटलं, पोरगं लांब गेलं म्हणून खचली. मालिका चालूच होती, पण शिव्या घालायला कुणी नव्हतं आणि आम्हाला ती मिळमिळीत लागायला लागली.

महिनाभरानं महेंद्रचा फोन आला. माझ्याशीच बोलायचं होतं त्याला. "काकी, रागावू नगा. पर आईनं त्या दिवशी सांगितलं, आता हितं फोन करू नगंस म्हणून. मी घरात आले की ती माणसं उठून जात्यात, म्हणली. असं काय झालं वो?"

सगळ्यांच्या देखत मी त्याला खरं काय ते ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "काकी, हे आईला सांगा. मी तर कंपनीला तीन वर्षांचा बाँड लिवून दिलाय, आता येता येत न्हाई."

सकाळी बौद्धवाड्यात गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. घर विचारत जावं लागलं. मला दारात बघून ती गडबडली, पोतं झटकून अंथरायला लागली. म्हणाली, "निरोप धाडायचा की आक्का, मीच आले असते."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तुला मोकळं बोलता यावं म्हणून उठवलं गं सगळ्यांना, दुसरं काही मनात नव्हतं. सांगताना मला रडू आलं. ती रडली नाही. चुलीपुढं बसून ऐकत राहिली.

"मला कसं कळावं आक्का? तुमी बोलला न्हाईसा." मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "त्या रविवारी मी ठरवूनच आले हुते. हसतील त्यास्नी हसू दे, समद्यांम्होरं सांगायचं, नगं जाऊस म्हणून. रिसीव्हर घेतला, तर तुमची समदी उठून चाललेली. मग कशाच्या जोरावर ठिवून घेऊ त्याला हितं?"